म्हशीच्या पाठीवर

"उपास आहे ना गो तुम्हा पोरींना?" मांडवकरकाकूंनी विचारलं आणि आम्ही दहाही जणींनी एकमेकींकडे न बघता माना डोलावल्या. सगळ्यात जोरात नसीम मुकादमने.

जुवे बेटावर काकूंच्या अंगणात केळीची पानं मांडली होती. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि घमेल्यात पाण्यात टाकलेले आंबे. गेले दोन दिवस आम्ही स्वतःच्या हातचं कच्चं पिठलं आणि करपलेल्या भाकऱ्या खात होतो. त्या पानांसमोर आम्ही कुठलाही उपास कबूल केला असता.

सुर्वेबाई विहिरीवरून हात धुऊन आल्या. "ह्यांना कसला उपास? सकाळी एकेकीने तीन तीन भाकऱ्या हाणल्यात."

"असू दे हो बाई. आज एकादशी. आज ह्या घरात दुसरं काही शिजत नाही. बसा गो."

"आणि तुझं काय ग?" बाईंनी नसीमला विचारलं.

"मी ह्यांच्या सोबतीला, बाई," असं म्हणून नसीम पहिल्याच पानावर बसली.

मला मात्र आमटीपेक्षा त्या एकादशीचा आनंद जास्त झाला. दोन दिवस जे मला कोणाला विचारता येत नव्हतं, ते काकूंच्या एका वाक्यात मिळालं. मी तीनदा वाढून घेतलं.

सुर्वेबाई म्हणजे माझी आई. आमच्या शाळेत ती भूगोल आणि पी.टी. शिकवायची, म्हणून शाळेत आणि या सहलीत मी तिला इतर मुलींसारखं बाईच म्हणत होते. मी नववी पास होऊन दहावीत गेले होते. त्या मे महिन्यात आमच्या शाळेच्या मुली पहिल्यांदाच होड्यांमधून वेळण्याच्या खाडीला फेरी मारायला निघाल्या होत्या. बुधवारी सकाळी निघायचं, पाटवण्याला एक मुक्काम, सोनगिऱ्याला एक, शुक्रवारी खाडीच्या पोटातल्या जुवे बेटावर, आणि शनिवारी परत वेळण्याच्या धक्क्यावर. दोन होड्या, चार तंबू, दहा मुली, बाई आणि होड्या सांभाळणारा धाकूदा तांडेल. वल्ही आम्हीच मारायची.

मुलांची ही सहल सात वर्षं चालू होती. मुलींची मागणी बाईंनी तीन वर्षं केली आणि तीन वर्षं शाळेच्या अध्यक्षांनी, आप्पासाहेब शेट्यांनी, "बघू" म्हटलं. चौथ्या वर्षी त्यांनी होकार दिला तो अटीवर. मीटिंगला बाईंबरोबर कागदपत्रं घेऊन मीही गेले होते, त्यामुळे त्यांचे शब्द मी स्वतः ऐकले. "शनिवारी दिवेलागणीच्या आत सगळ्या मुली धक्क्यावर दिसल्या पाहिजेत. बंदरावरचा दिवा लागला आणि एक जरी मुलगी पाण्यात असली, तर ही पहिली सहल आणि हीच शेवटची. मग पुन्हा अर्ज आणू नका."

"मान्य," बाई म्हणाल्या.

दिवेलागणीच्या आत पोचण्यात अवघड काय, असं खाडी न पाहिलेल्या माणसाला वाटेल. अवघड होती ती म्हशीची पाठ. जुवे आणि वेळणे यांच्या मधोमध गाळाचा एक लांबलचक उंचवटा आहे. ओहोटीला तो पाण्यातून असा वर येतो, की एखादी म्हैस डुंबायला बसली आहे असं वाटावं. भरती चढली की तो बुडतो आणि वरून होड्या जातात. वळसा घालून जायचं तर खाडीच्या तोंडाशी जावं लागतं, आणि दुपारनंतर तिथे समुद्रावरून येणारा खारा वारा लाटा उसळवतो. मुलींना घेऊन तिथून जायचं नाही, हे बाईंनी आधीच ठरवलं होतं. म्हणजे पाठ कधी बुडते ते माहीत असायलाच हवं.

ते काम बाईंनी मला दिलं होतं. आमच्या खाडीवर त्याचा साधा हिशेब आहे. जी तिथी असेल तिचे पाऊणपट करायचे, तितक्या वाजता भरती पूर्ण होते, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाला. आणि भरती पूर्ण होण्याच्या तीन तास आधी म्हशीची पाठ बुडते. मी घरी पंचांग पुढ्यात घेऊन चारही दिवसांच्या वेळा एका वहीत लिहिल्या होत्या. शाईने, दोन रंगांत, खाली रेघा मारून.

बुधवारी, म्हणजे पहिल्याच दिवशी, वेळण्याचा धक्का नजरेआड व्हायच्या आत नसीमने वल्हं उलटं मारलं, पाण्याचा एक सपकारा होडीत आला आणि माझी वही निळ्या-तांबड्या पाण्याची झाली. बाई तेव्हा पुढे बघत होत्या. मी वही दप्तरात कोंबली.

"बाईंना सांग," नसीम कानाशी कुजबुजली.

"काही नको. मला पाठ आहे."

मला काहीही पाठ नव्हतं. दोन दिवस किनाऱ्या-किनाऱ्याने जायचं असल्याने निभावलं. पण तिथी विचारणार कोणाला? बाईंना विचारलं असतं तर त्यांनी वही मागितली असती. धाकूदाला विचारलं असतं तर ते बाईंच्या कानावर गेलं असतं. आईने मला आयुष्यात पहिल्यांदा असं काम दिलं होतं ज्याच्यावर तिची तीन वर्षांची खटपट टांगलेली होती, आणि तिला पहिल्याच दिवशी जाऊन "भिजलं" म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून जुव्यावर काकू आपण होऊन "आज एकादशी" म्हणाल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आज एकादशी, उद्या द्वादशी. बाराचे पाऊणपट नऊ. त्यातून तीन गेले, सहा. शनिवारी संध्याकाळी सहाला पाठ बुडणार. मी आंब्याची कोय चोखत चोखत हिशेब दोनदा केला.

त्या संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकून झाल्यावर धाकूदा बाईंकडे आला. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. बोलताना तो माणसाकडे न बघता पाण्याकडे बघायचा.

"बाई, उद्या सकाळच्या पाण्याने सुटूया. नाश्ता करून निघालो की दहाच्या आत वेळणे."

मुलींमध्ये एकदम कालवा झाला. जुव्याला आमचा जीव जडला होता. तिथे पांढरी वाळू होती, पोहायला उथळ पाणी होतं, काकूंचे आंबे होते.

"धाकूदाला घरची ओढ लागली," कुंदा मयेकर म्हणाली. ती धाकूदाच्याच वाडीतली, त्याची लांबची पुतणी. "काकी उद्या तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण करणार असेल."

"तुझी काकी मला कालवण घालत असती तर मी खाडीत कशाला भटकलो असतो," धाकूदा म्हणाला. "बाई, पाणी आता उशिरा चढतंय. संध्याकाळचा भरवसा नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चारू, तुझा हिशेब काय सांगतो?"

"उद्या संध्याकाळी सहाला पाठ बुडते. पाचला इथून निघालो तर पावणेसातला धक्का."

"दिवा सातला लागतो."

"पंधरा मिनिटं राहतात, बाई."

"नक्की?"

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी खाडीकडे पाहिलं. पाणी जिथे असायला हवं होतं त्याच्यापेक्षा जरा खाली होतं. मला ते दिसलं आणि मी ते पाहिलं नाही.

"नक्की," मी म्हटलं.

"मग संध्याकाळी," बाई म्हणाल्या. धाकूदाने खांदे उडवले आणि बिडी पेटवायला गेला.

शनिवारचा तो दिवस आजही माझ्या डोळ्यांसमोर तसाच उभा राहतो. आम्ही सकाळपासून पाण्यात होतो. कुंदाने नसीमला उताणं तरंगायला शिकवलं आणि नसीम तरंगत तरंगत अर्ध्या बेटाला वळसा घालून गेली, कारण वळायचं कसं हे कुंदाने शिकवलं नव्हतं. दुपारी बाईंनी साडीचा काचा मारला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि वाळूत दोन रेघा ओढून आमच्याबरोबर लंगडी खेळल्या. त्या लंगडीत पडल्या तेव्हा आम्ही सगळ्या उचलायला धावलो, आणि त्या वाळूत बसल्या बसल्याच हसायला लागल्या. माझी आई अशी हसते हे मला माहीत नव्हतं. घरी ती दमलेली असायची.

बरोबर पाचला आम्ही होड्या लोटल्या. मी बाईंच्या होडीत, कुंदा आणि नसीमही. धाकूदाची होडी मागे. वारा पाठीशी होता, वल्ही एका तालात पडत होती, आणि वेळण्याचा धक्का समोर मोठा होत चालला होता. सहाला पाच कमी असताना नसीम वाकून पाण्यात बघायला लागली.

"बाई, इथे खेकडे दिसतायत."

"खाली दिसतायत ना?"

"खालीच. पण फार खाली नाही."

पुढच्याच वल्ह्याला होडीखाली खस्स असा आवाज झाला. आपटलो नाही, धक्काही नाही. गादीवर बसल्यासारखी होडी बसली. आम्ही वल्ही मारली, तर पाण्याऐवजी काळा गाळ उडाला. आमच्या पुढे, दोन्ही बाजूंना, ओली चकचकीत म्हशीची पाठ पसरली होती, आणि तिच्यावर चार बगळे उभे राहून आमच्याकडे बघत होते.

धाकूदाने मागे वीस हातांवर आपली होडी थांबवली होती. त्याने काठी गाळात रोवली, होडी बांधली आणि बिडी पेटवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

कुंदा ढकलायला म्हणून उतरली ती मांडीपर्यंत आत गेली. तिला चौघींनी ओढून काढलं तेव्हा ती निघाली, पण तिची एक चप्पल तिथेच राहिली. बाईंनी शिट्टी मारली. "कोणीही उतरायचं नाही. पाणी येतंय, ते उचलेल. बसा."

"किती वेळ, बाई?"

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग पाणी पाहिलं, मग मला. आवाज त्यांचा वर्गातल्यासारखाच होता. "तिथी कोणती धरलीस?"

"द्वादशी."

"कशावरून?"

"काल एकादशी होती. काकूंकडे सगळ्यांचा उपास होता."

"काल?" चिखलाने माखलेली कुंदा म्हणाली. "परवा गुरुवारी सोनगिऱ्याच्या दुकानातली बाईपण उपासाची खिचडी खात होती की. मी म्हटलं असेल गुरुवारचा उपास."

"तुमच्यात उपास किती असतात ग," नसीम म्हणाली. "आमचा एक महिना असतो, पण निदान कळतो तरी."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "एकादशी गुरुवारीच होती. ती स्मार्त. मांडवकर माळकरी. कधी कधी त्यांची एकादशी एक दिवस पुढे असते, तिला भागवत एकादशी म्हणतात. पंचांगात दोन्ही लिहिलेल्या असतात." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "म्हणजे काल तिथी कोणती होती?"

"द्वादशी," चारपाच जणी म्हणाल्या.

"आणि आज?"

"त्रयोदशी."

"तेराचे पाऊणपट?"

"पावणेदहा."

"मग पाठ कधी बुडणार?"

"पावणेसात," सगळ्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता सगळ्यांना कळलं. पावणेसातला पाठ बुडणार, भरलेली होडी उचलायला आणखी काही वेळ, आणि पुढे पाऊण तासाचं अंतर. समोर धक्क्यावर माणसं जमायला लागली होती. खाडीत आडोसा म्हणून नसतोच. आम्ही त्यांना दिसत होतो, ते आम्हाला दिसत होते. पांढऱ्या शर्टांच्या मधोमध आप्पासाहेबांची काळी छत्री उभी होती.

"वही कुठे आहे?" बाईंनी मला विचारलं.

मी दप्तरातून काढून दिली. पानं वाळून एकमेकांना चिकटली होती. बाईंनी एक पान सोडवायचा प्रयत्न केला, ते फाटलं.

"कधी भिजली?"

"बुधवारी."

नसीम म्हणाली, "बाई, माझ्या वल्ह्याने..."

"तुला नाही विचारलं." त्यांनी वही मला परत दिली. "भिजली हे सांगितलं असतंस, तर काल धाकूदाचं ऐकलं असतं."

एवढंच. मी रडले नाही, कारण होडीत रडायला जागा नव्हती. बाकीच्या मुलींनी उरलेले आंबे काढले. कोणीतरी गाणं सुरू केलं, मग ते बंद पडलं, मग नसीमने बगळ्यांना शाळेतल्या सरांची नावं ठेवली आणि त्यातला एक खरंच ड्रॉइंगच्या सरांसारखा मान वाकडी करत होता, त्यामुळे पुन्हा हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या. मला त्यांचा राग आला. पूर्वेला डोंगरावर त्रयोदशीचा चांगला मोठा चंद्र आला होता. दोन दिवस तो रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर होता आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

सात वाजून तीन मिनिटांनी बंदरावरचा दिवा लागला.

मागून धाकूदा म्हणाला, "लागला." जणू आम्हाला दिसलाच नसेल.

आणखी पाच-सहा मिनिटांनी होडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळली आणि उचलली गेली.

धक्क्याच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. बाई काय सांगतील? मला पक्की खात्री होती की त्या म्हणतील, "चूक माझी." कुठलीही बाई तसंच म्हणेल. त्यात ती आई असली तर नक्कीच. मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानून टाकले होते.

मुलींच्या आया पुढे झाल्या, पोरींना चाचपून बघायला लागल्या. कुंदाच्या आईने तिची चप्पल कुठे म्हणून तिथेच चौकशी सुरू केली. आप्पासाहेबांनी छत्री काखेत घेतली. त्यांच्या वडिलांची दोन गलबतं होती, ते स्वतः तरुणपणी मंगलोरपर्यंत जाऊन आले होते. खाडीतलं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"सुर्वेबाई, दिवा लागून पन्नास मिनिटं झाली."

"हो. उशीर झाला."

"मी काय म्हटलं होतं ते लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग? म्हशीच्या पाठीवर पोरींना घेऊन बसलात. सगळा गाव बघत होता. हिशेब कोणी केला होता?"

बाईंनी पदर नीट केला. "माझ्या एका विद्यार्थिनीने."

मी कुंदाच्या मागे सरकले.

"पोरींना हे जमायचं नाही, असं मी म्हणतच होतो," आप्पासाहेब म्हणाले.

"जमलं नाही खरं. पहिल्या चाचणीत नापास झाली. पण तेवढ्यावर आपण मुलीचं नाव शाळेतून काढत नाही, आप्पासाहेब. तिला पुन्हा परीक्षेला बसवतो."

"कोण ती?"

बाई बोलल्या नाहीत. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. धाकूदा होड्या बांधत होता, त्याचेही हात थांबले. मला इतकंच कळलं की बाई नाव सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगायला नको आहे.

मी पुढे झाले. "मी."

"ही तर तुमचीच मुलगी."

"हो," बाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी मला खालून वर पाहिलं. "काय चुकलं?"

मी सांगितलं. वही भिजली ते, लपवली ते, काकूंची एकादशी धरली ते, धाकूदा सकाळच्या पाण्याने चला म्हणत असताना मी नक्की म्हणून सांगितलं ते. "भागवत एकादशी" म्हटल्यावर मागून दोनचार माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या आबाने एकदा अशीच होडी घातली होती, ती सकाळी निघाली." आप्पासाहेब हसले नाहीत.

"उद्या तिथी कोणती?"

"चतुर्दशी."

"भरती?"

"चौदाचे पाऊणपट, साडेदहा."

"पाठ कधी बुडणार?"

"साडेसातला. सकाळी आणि संध्याकाळी."

"मग उद्या संध्याकाळी जुव्याहून निघून दिवेलागणीच्या आत इथे येता येईल?"

"नाही."

"आणि आज?"

"आजही नाही. सकाळच्याच पाण्याने यायला हवं होतं."

ते खाडीकडे वळले. पाठ केव्हाच बुडली होती, तिच्या जागी सपाट पाणी होतं आणि त्यावर चांदणं. मग त्यांनी छत्री हातात घेतली आणि बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी सकाळच्या पाण्याने परत या." आणि चालू लागले.

कुंदाने माझा दंड इतक्या जोरात दाबला, की वळ उठला. मुलींना ओरडायचं होतं, पण आप्पासाहेब अजून ऐकण्याच्या अंतरावर होते. बाईंनी हात वर केला आणि ते वाडीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत तो तसाच ठेवला.

घरी जाताना तंबूची पिशवी आम्ही दोघींनी मिळून धरली होती. मी म्हटलं, "तू 'माझी चूक' म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"त्यांनी मान्य केलं असतं. बाईंना हिशेब येत नाही म्हणून सहल बंद केली असती. बरोबरच होतं ते."

"सगळ्यांसमोर मला..."

"तूच पुढे आलीस. मी नाव घेतलं नव्हतं."

"तू माझा हिशेब तपासून का नाही बघितलास?"

आई थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुला दिला होता ना?" ती म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली.

त्यानंतर आईने निवृत्तीपर्यंत, म्हणजे सतरा वर्षं, दर मे महिन्यात मुलींना खाडीत नेलं. दोन वर्षं मी गेले. पुढे कॉलेजसाठी कोल्हापूरला आणि मग पुण्याला, आणि शेवटी तीही माझ्याकडेच राहायला आली.

गेल्या माघात एका संध्याकाळी ती म्हणाली, छातीत जड वाटतंय. दुपारी आम्ही साबुदाण्याचे वडे खाल्ले होते. मी तिला ओवा दिला, म्हटलं, पित्त असेल, सकाळी जाऊ डॉक्टरांकडे. "नक्की?" असं तिने विचारलं नाही. बरं म्हणाली आणि झोपली. सकाळी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवं होतं. ती आणखी दोन दिवस होती.

तेव्हापासून जो येतो तो मला सांगतो, तुझा काही दोष नाही. शेजारच्या बाई सांगतात, ऑफिसातले सांगतात, नवरा रोज सांगतो. सगळे मायेने सांगतात आणि मी मान हलवते. मला वाईट वाटू नये म्हणून असं खोटं न बोलणारं माझ्या आयुष्यात एकच माणूस होतं.

माझा धाकटा भाऊ निशिकांत कॅनडात असतो. तो अंत्यविधीला पोचू शकला नाही. मधे दोनतीन महिने आम्ही फोनवर विमानाची तिकिटं, घराचे कागद असलंच बोलत होतो. मागच्या रविवारी त्याने अचानक विचारलं, "ताई, खरं सांग. उशीर झाला का?"

"झाला," मी म्हटलं. "एक अख्खी रात्र. तिने सांगितलं होतं. मी पित्त समजले. माझा अंदाज चुकला."

पलीकडे त्याने नाक ओढलं.

"हं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तू जेवलीस का?"